वरचा पंख

कॅल्गरीपासून तासाभराच्या ड्राइव्हवर गवताची एक धावपट्टी आहे. तिच्या कडेच्या पत्र्याच्या हँगरमध्ये दर शनिवारी सात-आठ पुरुष एका मेलेल्या जर्मन वैमानिकाचं कौतुक करायला जमायचे. कौतुकाच्या जोडीला ते पहिल्या महायुद्धातलं त्याचं तीन पंखांचं लाल लढाऊ विमान पुन्हा बांधत होते, आणि तेही मांडून ठेवायला नव्हे, उडवायला. त्यांच्यात मी एकटीच बाई, आणि तो वैमानिक अजिबात न आवडणारीही मी एकटीच.

मी तिथे गेले ती कामामुळे. विमानांच्या देखभालीचं नियोजन करणं ही माझी नोकरी. कोणता भाग कधी उघडायचा, कोणी तपासायचा, कोणी सही करायची, याच्या याद्या मी बावीस वर्षं करते आहे. या गटाच्या नोंदी डोनटच्या खोक्यांच्या झाकणांवर होत्या. पहिल्या महिन्यात मी फळा लावला, फाइली केल्या आणि एक नियम घातला: पंखावर कापड चढवण्याआधी आतलं लाकूडकाम मी बघणार आणि सही करणार. माझी सही नाही तर उड्डाण नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. माना डोलावण्यात ती मंडळी तरबेज होती.

त्या वैमानिकाची माहिती मला मिळाली आमच्यातल्या पुणेकराकडून. हा सॉफ्टवेअरमधला, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, मला ताई म्हणणारा. विमान पाडलं की हा जर्मन गडी म्हणे सराफाकडून चांदीचा छोटा पेला करवून घ्यायचा, त्यावर तारीख आणि पाडलेल्या विमानाचा प्रकार कोरलेला. पडलेल्या विमानाच्या कापडावरचा नंबर कापून आणायचा आणि खोलीच्या भिंतीवर टांगायचा. छताला शत्रूच्या इंजिनाचं झुंबर. पुढे युद्धात चांदीची टंचाई झाली तेव्हा पेले थांबले. माणसं मारणं थांबलं नाही.

"शिस्त बघा ताई," पुणेकर म्हणायचा. "तुमच्यासारखाच, यादीवाला."

यादी करण्याला माझी हरकत नाही. पण पंचविशीतला एक सरदारपुत्र, शिकारीचा नाद असलेला, मेलेल्या माणसांचे पेले मांडतो, त्या मांडणीला शिस्त म्हणावं हे मला पटलं नाही. मी विचारलं, त्याचा मेकॅनिक कोण होता? अडकलेली बंदूक कोण सोडवायचं, पंखांच्या तारा कोण ताणायचं?

"ते काही वाचनात आलं नाही," तो म्हणाला. "कुत्र्याचं नाव माहीत आहे."

त्या सगळ्या इतिहासातली एकच गोष्ट मला कामाची वाटली. या जातीच्या विमानांचे वरचे पंख हवेतच फाटून वैमानिक मेले होते. चौकशीत दिसलं की पंखाच्या आत ओल शिरली होती, लाकडाचे जोड चिकटवणारा सरस धरला नव्हता, लाकडाला धड व्हार्निश नव्हतं. कारागिरीतली हलगर्जी, बाकी काही नाही. हे मी फळ्यावर सर्वांत वर लिहिलं. त्याखाली रोजच्या कामाचा तक्ता लावला: कोणता जोड, कोणी चिकटवला, हँगरमध्ये तापमान किती.

विमान उडवणार होता आमच्यातला सर्वांत म्हातारा, सस्काटूनकडचा. शेतांवर फवारणीची विमानं त्यानं चाळीस वर्षं चालवली होती. चौऱ्याहत्तरी गाठलेली, एका डोळ्यात बिघाड सुरू झालेला. त्याचं वैमानिकाचं मेडिकल सर्टिफिकेट जूनअखेर संपत होतं आणि पुन्हा मिळणार नाही हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून उड्डाण जूनमध्ये ठरलं. जर्मनाबद्दल तो कधी चकार शब्द काढायचा नाही. त्याला ते विमान एकदा हातात घ्यायचं होतं, बस.

हिवाळ्यात आईच्या ऑपरेशनसाठी मला दोन महिने नागपूरला जावं लागलं. मार्चमध्ये परत आले तर वरचा पंख कापड चढवून, लाल रंगवून तयार. त्याच्यापुढे उभं राहून सगळ्यांनी फोटोही काढलेले. हँगरच्या कोपऱ्यात प्लायवूडची नवी खोली उभी होती: जर्मनाची खोली, भिंतीवर खोटे नंबर, फळीवर खोटे पेले. देणगीदारांना बोलावून तिथे संध्याकाळचा कार्यक्रमही झाला होता.

मी फाइल उघडली. त्या पंखाच्या अकरा ओळींत तापमानाचा रकाना कोरा.

"सरस वाळलाय हो ताई," पुणेकर म्हणाला. "दाबून बघितलंय आम्ही."

मी विचारलं, "हीटर कुठे होता तेव्हा?"

त्यानं प्लायवूडच्या खोलीकडे पाहिलं. जानेवारीतल्या त्या थंडीत हँगरमधला एकमेव हीटर पेल्यांना ऊब देत होता, आणि ज्या सरसाला ऊब लागते तो पत्र्याच्या भिंतीशी गोठत होता. वर आम्हाला थंडी वाजत नाही ही कॅल्गरीकरांची नेहमीची फुशारकी. यांना वाजत नाही म्हणजे सरसालाही वाजत नसणार.

गटाचे प्रमुख तेलकंपनीत मॅनेजर होते. निवृत्त झाले तरी मीटिंग घ्यायची सवय गेली नव्हती. त्यांनी मला खुर्चीत बसवून समजावलं. रंग खास मागवलेला आहे, जूनची पत्रकं छापून झाली आहेत, आणि त्या काळी कोण असले तक्ते भरत होतं? मी म्हटलं, कोणी भरत नव्हतं म्हणूनच पंख निखळले. मग ते म्हणाले की मी एका म्हाताऱ्या माणसाचं शेवटचं सुख एका सहीसाठी अडवते आहे.

हे मला लागलं, खोटं कशाला सांगू. कारण ते खरं होतं. पंख उघडायचा तर जून हातचा जाणार होता.

म्हातारा इतका वेळ बाकावर कॉफी पीत बसला होता. त्यानं मला फक्त विचारलं, उघडून परत बंद करायला किती दिवस? मी म्हटलं, चार महिने, कमी नाही. त्यानं कप धुऊन उलटा ठेवला, खणातून धारदार सुरी काढली आणि पंखापाशी जाऊन म्हणाला, "कुठे कापू, दाखव."

प्रमुख उठले, म्हणाले, जरा चर्चा करू. तो थांबला नाही. मी टेपनं चौकोन केला, त्यानं लाल कापड सरळ रेषेत कापलं. आत हात घालून पंखाची एक लाकडी फासळी धरली आणि हलकेच पिळली. जोड बिस्किटासारखा सुटला. दुसरी फासळी नीट होती. तिसरी पुन्हा सुटली. त्यानं दोन्ही तुकडे टेबलावर ठेवले.

"दोनच आहेत," पुणेकर इंग्रजीत पुटपुटला. "बाकीच्या ठीक असतील."

"मग त्या बाकीच्यांवर तू बस," म्हातारा म्हणाला.



जून गेला, त्याचं मेडिकलही गेलं. तो मात्र प्रत्येक शनिवारी येत राहिला. पंखाचे सगळे जोड आम्ही दोघांनी उघडले, खरवडले, नव्यानं बसवले. पुणेकर या कामाच्या तिसऱ्या आठवड्यात मुकाट्यानं सँडपेपर घेऊन आला. त्याला मी शेपटाचं काम दिलं. उड्डाण पुढच्या उन्हाळ्यात झालं, पस्तिशीतल्या एका पाहुण्या वैमानिकाच्या हातून. आधी प्रमुखांनी माइकवरून जर्मनाची वीस मिनिटं आरती ओवाळली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, काहींनी सलामही ठोकला. कोणाला ठोकला ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

म्हातारा कुंपणाशी माझ्या शेजारी उभा होता. मी त्याला म्हटलं, मला माफ कर. तो म्हणाला, "कशासाठी? तो पोरगा वर आहे ना."

विमान दोनदा वळलं. चांगल्या डोळ्यावर हाताची सावली धरून तो वरच्या पंखाकडे बघत राहिला, चाकं गवताला टेकेपर्यंत.