घरी हजर

कासार आंबोलीच्या बाजूला माळावर कातकऱ्यांची सात घरांची वाडी आहे. तिथल्या एका चौकशीनं मला नोकरीतली सगळ्यात मोठी शिकवण दिली, म्हणून ती आजही जशीच्या तशी आठवते.

निवृत्तीपूर्वी मी मुळशीतल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. वाडीशेजारच्या बंगल्याचे मालक तक्रार घेऊन आले. वाडीवाल्यांनी कुंपण तोडलं आणि ही माणसं गेल्या वर्षीच येऊन बसली आहेत, असं त्यांचं म्हणणं. दुपारी पोलीस पाटलांचा फोन आला. "साहेब, कुंपनच वाडीवर चढलंय. जागा सरकारी हाय. ती मानसं लई जुनी हायेत, पन कागूद एकाकडं न्हाई."

कायदा आता आदिवासींच्या बाजूनं असला, तरी त्याला पुरावा लागतो. वस्ती जुनी ठरली तर घरं कायम, नाहीतर अतिक्रमण म्हणून सातही उठणार.

वाडीतल्या म्हाताऱ्याला चौकशीला बोलावलं. सोबत बायको आली. खुर्ची दिली तरी तो बसेना.

"कुठं राहता?"

"कुटंच न्हाई, साहेब. कालच आलोय."

मी कपाळाला हात लावला. स्वतःला वाचवायला खोटं बोलणारे शेकडो पाहिले होते, हा स्वतःला बुडवायला बोलत होता. हवालदार लिहायला लागला, त्याला थांबवलं.

तेवढ्यात बायको कडाडली, "काल आलो? मंग माजी चार बाळंतपनं काय वाऱ्यावर झाली व्हय?"

म्हातारा खाली बघत म्हणाला, "बा सांगायचा, पोलिसाला ठिकान सांगू नगं. चोरी कुटंबी होऊ दे, उचलत्यात आमालाच."

इंग्रजांनी या लोकांना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं होतं. स्वातंत्र्यानंतर तो कायदा गेला, पण सवय गेली नाही. नवा होतो तेव्हा चोरी झाली की मीही आधी कातकरवाडीच गाठायचो. मला लाज वाटली. आणि त्याच क्षणी डोक्यात उजेड पडला. पोलिसांनी इतकी वर्षं यांच्यावर नजर ठेवली, तर ती लिहूनही ठेवली असणार.

ठाण्याच्या कपाटातल्या जुन्या गावनोंदवह्या काढल्या. तिसऱ्या गठ्ठ्यात म्हाताऱ्याच्या आजाचं नाव सापडलं. माळ तोच, वाडी तीच. शेरा होता, 'संशयित जमात, नजर ठेवावी.' खाली पिढ्यानपिढ्याच्या पोलिसांनी वेगवेगळ्या शाईत एकच ओळ लिहिली होती, 'वाडीवर तपासले. घरी हजर.'

त्या नोंदींच्या नकला प्रांत कार्यालयात गेल्या, मोजणी झाली, कुंपण मागं सरकलं आणि सातही घरं जागेवर राहिली. तेव्हापासून हाताखालच्या प्रत्येक नव्या पोराला मी बजावत आलो, की समोरचा खोटं बोलतोय हे कळलं म्हणजे अर्धा तपास झाला, तो कुणाला भिऊन बोलतोय हे कळल्यावर पुरा होतो. त्या दिवशी तो आम्हालाच भीत होता.

नकला पाठवण्याआधी मी म्हाताऱ्याला सगळं वाचून दाखवलं होतं. तो म्हणाला, "आजाला चोर लिवलंय?"

"संशयित लिहिलंय. चोरी मात्र एकही नाही."

बायको म्हणाली, "मंग त्येवडं खोडा की."

सरकारी नोंद खोडता येत नाही, हे सांगणं मला जड गेलं. मी म्हाताऱ्याला पुन्हा खुर्ची दिली. तो बसला.

"कुठं राहता?"

त्यानं वाडीचं नाव सांगितलं, आजापासूनची घरं सांगितली आणि हवालदाराकडं बोट केलं. "नीट लिवा, साहेब."