अंबाडी नाक्यावरचे पट्टे

आमच्या हिने शेवटचं काय केलं, तर अंबाडी नाक्यावर शेवग्याच्या शेंगा निवडल्या. एकेक वाकवून बघत होती. मी म्हटलं, "आटप की. लगीन लावायचं हाय का शेंगांचं?" ती म्हणाली, "तुम्ही निबरच उचलाल. माझ्या पदरात निबर नवरा पडला तेवढा बस हाय." भाजीवाली खो खो हसली. मग आम्ही रस्त्याला आलो.

मस्कतहून लेकीकडून परत येऊन आम्हाला आठच दिवस झाले होते.

आपल्याकडं रस्ता ओलांडायचा तर हात करायचा. पंजा उभा धरायचा, ड्रायवरच्या डोळ्यात बघायचं आणि चालायचं. चाळीस वर्षं भिवंडीत लूमच्या ड्युटीला मी कंटेनरच्या पुढून तसाच गेलो. मस्कतला पहिल्या दिवशी हिने तसा हात केला, तर टॅक्सीच येऊन उभी राहिली! आमची वैशू हसून बेजार. "आई, इथं हात नको करू. पांढऱ्या पट्ट्यांवर पाय ठेव, गाड्या थांबतात." थांबल्या. मोठमोठ्या गाड्या, एका म्हातारीसाठी. ही प्रत्येक ड्रायवरला नमस्कार करायची.

इकडं नाक्यावर नुकतेच पट्टे मारले होते. हिने पिशवी डाव्या हातात घेतली, उजवा मोकळा केला. मी म्हटलं, "पट्टे हायत की आता. हात कशाला? मस्कत झालं आपलं." थट्टेत म्हटलं. तिला खरं वाटलं. ती पुढं झाली, मी चपलेचा अंगठा सरळ करायला वाकलो. टेम्पो वाडा रोडनं आला.

आता मी वैशूकडं राहतो. कडेला गेलो की गाडी थांबते, ड्रायवर वाट बघतो. माझा पाय उचलत नाही. पट्ट्यांवर ही चाललेली असते, पिशवी घेऊन. शेवटी तो कंटाळून जातो. गावाकडून फोन येतो, "मजा हाय दादा तुमची, तिकडं रस्ते कसे आरशासारखे." हाय मजा.

वैशू म्हणते, "बाबा, आईची सवय मीच मोडली." दोन वर्षं म्हणते आणि मी ऐकून घेतो. तोंडानं सांगवत नाही, म्हणून लिहितो. पोरी, तुझं काही चुकलं नाही. ती हात करणार होती. मी करू दिला नाही.

गाववाल्यांनो, घर कुठलं विचाराल तर त्या नाक्यावरची दहा पावलं. बाकी सगळीकडं मी पाहुणा. पट्टे कुणी काळे केले म्हणून तुम्ही एकमेकांवर संशय घेतलात. तो मी. हिला अग्नी दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, उजाडता उजाडता, पत्र्याला मारायचं डांबर घेऊन गेलो आणि गुडघ्यावर बसून एकेक पट्टा पुसला. शेवटच्याला डांबर पुरलं नाही. तो दगडानं खरवडला.