मामांचं गचपण

माझ्या मामांनी आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं कापली आणि त्याचा त्यांना पगार मिळाला. ते वर्तमानपत्रात उपसंपादक होते. बातमीदार पानभर लिहून आणायचा आणि मामा लाल पेन घेऊन त्याचं बोटभर करायचे. निवृत्तीनंतरही ही खोड गेली नाही. मी वाढदिवसाला पाठवलेल्या चार ओळींतल्या दोन अनावश्यक असल्याचं त्यांनी मला फोन करून कळवलं होतं. मी रागावून त्यांच्याशी बोलणं टाकलं, पण त्यांच्या ते लक्षातच आलं नाही, मग माझाच राग फुकट गेला.

मामीच्या वाट्याला तर हे रोजचंच. ती काही सांगायला लागली की मामा म्हणायचे, "मथळा सांग." मग ती मथळा सांगायची आणि बातमी पोटात ठेवून स्वयंपाकघरात निघून जायची.

कापण्यात हयात गेलेला हा माणूस झाडांना मात्र कात्री लावू देत नाही. घराची भिंत आणि रस्ता यांच्यामध्ये जमिनीची एक पट्टी आहे. ती नगरपालिकेची. मामांनी तिच्यातली बाहेरून आणलेली शोभेची झुडपं उपटली आणि इथल्याच मातीतली झाडं लावली. रुई, तरवड, गुडघाभर रानगवत आणि दोन-चार अशी झाडं, की ज्यांना लोक झाड म्हणायलाही तयार होत नाहीत. पानं कुरतडलेली दिसली की आपण औषध फवारतो. मामा खूश होतात. रुईवरच्या पट्ट्यापट्ट्यांच्या अळ्यांचं त्यांना नातवंडांइतकं कौतुक. तण माजू नये म्हणून ते मातीखाली जुनी वर्तमानपत्रं अंथरतात, सरकारची तळी उचलणारं एक आणि सरकारला झोडपणारं एक. दोन्ही सारखीच कुजतात, हा त्यांचा निवृत्तीनंतरचा सर्वांत मोठा राजकीय निष्कर्ष.

मामी या सगळ्याला गचपण म्हणते. पाहुण्यांना पत्ता सांगतानाही ती म्हणते, "जिथे कुणी राहत नसेल असं वाटेल, तेच आमचं घर."

निवडणूक तोंडावर आली आणि आमच्या नगरसेवकांना अचानक स्वच्छतेचा पुळका आला. रस्त्याकडेच्या सगळ्या पट्ट्या साफ करायच्या, हिरवळ पसरायची आणि रंगवलेल्या कुंड्या मांडायच्या, असं ठरलं. मामांचा जीव टांगणीला लागला. रुईवर त्या वेळी नुकतेच कोश लटकले होते. त्यांनी अर्ज केला, पण पट्टी नगरपालिकेची असल्याचं नम्र उत्तर आलं. तेवढ्यात मोहिमेची बातमी करायला एका वाहिनीची तरुण बातमीदार गल्लीत आली आणि मामांना वाटलं, आता काम झालं.

मामी त्यांना म्हणाली, "तुम्ही तोंड उघडलं की भांडण होतं. आधी जरा गोड बोला, मग तुमचं काय ते सांगा."

मामांनी ऐकलं. नेमकं आयुष्यात एकदाच ऐकलं. मी तेव्हा त्यांच्याकडे मुक्कामाला होते. चहाचा ट्रे घेऊन मी तिथेच उभी होते आणि मामी खिडकीत भाजी निवडत होती. मामा कॅमेऱ्यासमोर म्हणाले, "स्वच्छता हवीच, तिला कोण नाही म्हणेल?" आणि मग ते जे सुरू झाले, ते चहावर साय धरेपर्यंत बोलत राहिले. अळी, पान, फुलपाखरू, मुळं, माती, सगळं आलं. इतकं लांब आणि इतकं चांगलं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी आम्ही टीव्हीसमोर बसलो. मामा पडद्यावर आले, म्हणाले, "स्वच्छता हवीच, तिला कोण नाही म्हणेल?" आणि गेले. खाली पट्टी आली: ज्येष्ठ नागरिकाचा मोहिमेला पाठिंबा. त्यानंतर नगरसेवकांनी हसून हात जोडले.

बातमी नेहमी खालून कापतात, म्हणून महत्त्वाचं ते पहिल्या वाक्यात घाला, हे मामांनी नव्या बातमीदारांकडून घोकून घेतलं होतं. ते स्वतःच ते विसरले होते. मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं, कारण त्यांचा चेहरा पार उतरला होता. त्यांनी बातमीदाराला फोन लावून खुलासा दाखवायला सांगितलं. ती आदबीने म्हणाली, "पाहते काका." मामांनी फोन ठेवला. खुलासा मागायला येणाऱ्यांना तेही असंच 'पाहतो' म्हणायचे आणि नंतर काहीही पाहायचे नाहीत, त्यामुळे या शब्दाचा अर्थ त्यांना पक्का ठाऊक होता.

त्यात भर म्हणजे नगरसेवकांचा आभाराचा फोन आला. पाठिंब्याची कदर म्हणून कापणीची सुरुवात मामांच्याच दारापासून करणार होते.

मामी रात्री जेवली नाही. गोड बोलायला तिनेच सांगितलं होतं ना. सकाळी पाहते तर गचपणात कपाटाची जुनी फळी रोवलेली. वर मामीच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं: "ही झाडं आमच्या ह्यांनी मुद्दाम लावली आहेत. टीव्हीवर त्यांचं बोलणं अर्धंच दाखवलं. कापण्याआधी बेल वाजवा. उरलेलं मी ऐकवते."

कापणीचं यंत्र खांद्यावर घेतलेला माणूस आला. फळी वाचून त्याने खरंच बेल वाजवली. मामी पदर खोचून बाहेर गेली आणि मामांचं भाषण तिने पहिल्यापासून म्हणायला सुरुवात केली. अळी, पान, फुलपाखरू, मुळं, माती, सगळं त्याच क्रमाने. आपण ह्यांचं काही ऐकत नाही असं सांगत फिरणारी बाई ही. तो माणूस यंत्र खाली ठेवून ऐकत होता. मामा दाराआड उभे होते, खिशाला लाल पेन.

"एवढंच," म्हणत मामी वळली.

"एक वाक्य गाळलंस," मामा म्हणाले.

"ते काही महत्त्वाचं नव्हतं."

"काय महत्त्वाचं ते मी ठरवतो. तीस वर्षं ठरवलंय." मामा पुढे झाले आणि त्या माणसाला म्हणाले, "मी असंही म्हणालो होतो, की माझी बायको याला गचपण म्हणते, पण उन्हाळ्यात मी दुपारचा झोपलो की झाडांना पाणी तीच घालते. ती नसती तर यातलं एकही जगलं नसतं."

मामीने खाली वाकून नसलेलं तण उपटलं.

त्या माणसाने यंत्र उचललं, "साहेबांना विचारून येतो" म्हणाला आणि पुढच्या गल्लीत गेला. साहेबांनी, म्हणजे नगरसेवकांनी, बहुधा मामांच्या घरातली मतं मोजली असावीत, कारण तो पुन्हा आला नाही. आठवड्याने कोश फुटले.

उन्हाने फळीवरची अक्षरं विटली, तेव्हा मामा लाल रंगाचा डबा घेऊन बाहेर बसले. मी मुद्दाम मागे उभी राहिले, निदान 'आमच्या ह्यांनी' तरी खोडतील म्हणून. त्यांनी मामीचं एकेक अक्षर जसंच्या तसं गिरवलं.