धोंडबाचं दहावं गाणं

सन दोन हजार पंचवीसचा पौष. ज्वारी हुरड्याला आली होती, आणि त्याच पौषात माझी फजिती झाली. गावातले लोक ती सांगताना तिखटमीठ लावतात. म्हणून म्हटलं, मीच सांगून टाकावी. चहा घ्या, आणि मधे बोलू नका.

धोंडबा आमच्या गावचा भारूडवाला, माझ्याच वयाचा. माझ्या थोरल्या लेकीच्या लग्नात ऐनवेळी बँडवाले आलेच नाहीत. तेव्हा धोंडबाने एकट्याने टाळ घेऊन वरात नाचवली. पैसे देऊ लागलो तर म्हणाला, "पैसे नको बापू. एक ऐकणं उधार ठेव. मी म्हणंल त्या दिवशी बसायचं आन् शेवटपर्यंत ऐकायचं."

मी कुणाची उधारी ठेवत नाही. ही राहिली, कारण धोंडबाने मागितलीच नाही!

मागितली ती त्या पौषात. गंगाखेडला भाच्याकडे जाऊन त्याने नवा अल्बम केला होता.

"बापू, हे निराळंच केलंय. भाचा म्हणतो जगापुढं टाकू. मी म्हणलं, आधी बापू ऐकंल. तू न्हाई म्हणलास तर राहू दे."

केवढा मान! माझी छाती फुगली. घोटाळा तिथूनच सुरू झाला.

अल्बम फोनवर आला. फोनचं मला कळत नाही, सुनेला कळतं. शोभाने तो एका चिपवर घेतला, चिप स्पीकरला लावली, आणि दुपारी आम्ही धोंडबाचे जुने ऐकणारे माझ्या ओसरीवर जमलो. धोंडबा स्वतः आला नाही. "माझ्यासमोर तुमी खोटं बोलताल," म्हणाला.

सुरू झालं. ढोलकी नाही, टाळ नाही. नुसता उसावर कोयता चाललाय, खच्च, खच्च. त्यात धोंडबा एक शब्द म्हणतो आणि गप्प होतो. बराच वेळ गप्प. आमच्यातल्या सखारामने उठून स्पीकरला दोन थापट्या दिल्या.

"बंद पडलं का काय?"

"गाणंच तसं हाय. बस खाली!" मी दरडावलं. मला तरी काय ठाऊक?

पुढच्या गाण्यात गोदावरीचं पाणी. त्याच्या पुढच्यात बैलगाडीचं चाक कुरकुरायला लागलं ते कुरकुरतच राहिलं. कुणी म्हणालं, लय भारी. कुणी म्हणालं, चाकाला वंगण द्या रे कुणीतरी! एकाच्या डोळ्यांत पाणी आलं, त्याच्या शेजारचा घोरायला लागला. मी ताठ बसलो होतो, पण लक्ष सगळं ज्वारीत. रानडुकरं सुटली होती ना!

आणि मग दहावं गाणं लागलं. ठण ठण डबा वाजतोय आणि एक म्हातारा ओरडतोय.

"हाऽऽ! निघ! कुणाच्या बापाचं रान हाय? निघ म्हणतो ना!"

पुन्हा तेच. पुन्हा तेच. मी खाडकन सावध झालो.

"हे! ह्याला म्हणत्यात गाणं!"

"ह्याला?" सखाराम म्हणाला. "घसा फाटलेलं गाढव हाय हे. घरचे कसं सोसत असतील याला?"

"तुला काय कळतंय? दरारा बघ आवाजात! असा धनी माणूस आता पंचक्रोशीत राहिला न्हाई."

तेवढ्यात शोभा चहा घेऊन आली. तिने ऐकलं, पदर तोंडाला लावला आणि तशीच आत पळाली. मी सखारामला म्हणालो, "बघ, पोरीला भरून आलं!"

दुसऱ्या दिवशी धोंडबाच्या घरी जाऊन निकाल दिला. उभ्यानेच दिला.

"पहिली नऊ काय कळली न्हाईत. खोटं बोलणार न्हाई. पण दहावं सोनं केलंस! त्या म्हाताऱ्यापुढं तू पाणी भर."

नऊचं ऐकून धोंडबाचं तोंड उतरलं. मग एकदम त्याने मान वर केली.

"दहावं कोणतं? मी नऊच केलीत."

तसेच आम्ही माझ्या घरी आलो. चिप पुन्हा लावली. डबा वाजला, म्हातारा ओरडला. शोभाला हाक मारली.

"मामा, ही चिप आपल्या भोंग्यातली हाय. दुसरी सापडली न्हाई. त्यावरचं जुनं पुसायचं राहिलं."

डुकरं हाकलायला शेतात भोंगा बांधतात, माहीत असेल. त्यात आवाज भरून ठेवायचा, तो बॅटरीवर दिवसरात्र ओरडतो. मागच्या हिवाळ्यात मी माझाच आवाज भरला होता, सर्दीने घसा बसलेला असताना. भोंग्यातून तो नुसता किरकिरायचा. डुकरं भ्यायची सोडून त्याच्याखाली येऊन बसू लागली, म्हणून काढून ठेवला. चांगल्या स्पीकरवर तो मी कधी ऐकलाच नव्हता!

"आगं, मग काल बोलायचं न्हाई का?"

"तुमी एवढं कौतुक करायलता मामा. मला वाटलं तुमाला ठाऊकच हाय."

धोंडबा मटकन खाली बसला. मला वाटलं, चक्कर आली. पण तो हसत होता. पोट धरून हसत होता.

"ज्याला सोताचा आवाज वळखू येईना, त्याच्या निकालाला मी भ्यालो!"

तिथल्या तिथे त्याने भाच्याला फोन लावला. "टाक जगापुढं. बापूला कळली न्हाईत म्हणतो. म्हणजे चांगलीच असतील."

वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगू? माझ्याच छातीवरचा धोंडा उतरला. माझ्या एका शब्दाने त्याची सगळी मेहनत मातीत गेली असती.

सखारामला बातमी लागायला कितीसा वेळ! तो दारातूनच म्हणाला, "बापू, ते गाढव म्हणलेलं मागं घेऊ का?"

"राहू दे."

शोभाने दहावं पुसलं. मी ओसरीवर बसलो, धोंडबा समोर बसला. पहिल्या कोयत्यापासून पुन्हा लावलं. चाक कुरकुरलं, ऐकलं. तो गाण्यात गप्प झाला, मीही गप्प बसलो. ज्वारीची आठवण काढली नाही.

नववं संपलं. धोंडबा उठला, टोपी सारखी केली.

"फिटली," म्हणाला.