अकरा वाजताचा कुकर

किस्से म्हणजे आमच्या स्वयंपाकघराच्या दाराआडच्या कॅरीबॅगा. एकीत दुसरी, दुसरीत तिसरी, आणि टाकून द्यायला कुणाचा हात धजत नाही. माझी नात गौरी एचएसआर वस्तीतल्या ह्या फ्लॅटमधूनच ऑफिसचं काम करते. तिची टीम अधूनमधून आमच्या डायनिंग टेबलाला बसते आणि उठताना एखादा किस्सा सांडून जाते.

काम डेटाबेसचं. गिऱ्हाइकाची सगळी माहिती ज्या सॉफ्टवेअरमध्ये असते, ते जुनं काढून नवं बसवायचं. ते अपडेट. बिघडलं तर मुकाट्याने जुनं परत आणायचं. ते रोलबॅक. अपडेटला सगळे हौसेने येतात. रोलबॅकचं नाव काढलं की लग्नाच्या मांडवात घटस्फोटाचं विचारल्यासारखं तोंड करतात!

*

साहेब प्रसन्न, पुण्याचा. "काही होत नाही हो" हे त्याचं पालुपद. तरी मागे यायचा प्लॅन लिहिणं सक्तीचं, म्हणून त्याने एकदा लिहिला. एकच ओळ : "अडचण आल्यास प्रसन्नला फोन करणे."

अडचण आली. प्रसन्न तेव्हा पुण्याच्या विमानात. गिऱ्हाईक फोनवर ओरडतंय, "रोलबॅक कधी होणार?"

गौरीच्या टीममधला मंजुनाथ, आमच्या बेळगावकडचा, चिक्कोडीचा. तो शांतपणे म्हणाला, "लँड झाला की."

*

दुसऱ्या वेळी ते शहाणे झाले. आधी बॅकअप घेतला, म्हणजे सगळ्या माहितीची एक नक्कल काढून ठेवली. मग अपडेट केलं आणि मशीनच बंद पडलं.

"नक्कल आहे ना?"

"आहे की."

"कुठाय?"

"त्याच मशीनवर."

मी हसले. पण त्याच आठवड्यात वाऱ्याने दार लागलं, मी आणि गौरी दोघी बाहेर. मी म्हटलं, "अगं, दुसरी किल्ली करून घेतलीस ना?"

"घेतली. फ्रिजवर आहे."

मंजुनाथला कळलं तेव्हा तो म्हणाला, "अज्जी, ही मुलगी आमच्याच टीमची!"

*

काही अपडेट असे, की नवं एकदा सुरू झालं की जुन्याला ती माहिती उघडताच येत नाही. हे प्रसन्नला काही केल्या पटेना.

मग एकदा मंजुनाथ त्याला गाडीतून इलेक्ट्रॉनिक सिटीला घेऊन निघाला. लांबलचक उड्डाणपुलावर गप्पांच्या नादात उतरायची जागा हुकली. वर वळायला जागा नाही, थांबायला जागा नाही.

प्रसन्न म्हणाला, "आता काय करायचं?"

"होसूरला जेवायचं."

पार दुसऱ्या राज्यात, तमिळनाडूत जेवून आले दोघं. प्रसन्नला पटलं.

*

मग हॉस्पिटलचं काम आलं. पेशंटचे रिपोर्ट, औषधं, सगळं त्यात. प्रसन्नने गौरीला सांगितलं, "हे तू सांभाळ. नीट झालं तर टीम लीड तू. फसलं तर मला काही बोलता येणार नाही." पोरीचं जेवणावरचं लक्ष उडालं.

हॉस्पिटलच्या पद्मा मॅडमना प्रत्येक प्लॅन आधी दाखवावा लागे. ह्या बाई कमी बोलत. कितीही पानं वाचली तरी एकच प्रश्न : "आणि ते जमलं नाही तर?"

प्रसन्न म्हणाला, "अर्ध्या तासात मागे येऊ."

"येऊन पाहिलंय?"

कुणी पाहिलं नव्हतं. गौरीने खोटी माहिती भरून मागे यायची रंगीत तालीम केली. सकाळी बसली, उठली तेव्हा मी दिवे लावत होते. मग आठवडाभर तीच तालीम, तेव्हा कुठे ते काम अर्ध्या तासावर आलं.

*

अपडेट रविवारी सकाळी. नेम ठरला : अकरापर्यंत नीट झालं नाही, तर मागे फिरायचं. म्हणजे दुपारची ओपीडी सुरू व्हायच्या आत जुनं जागेवर.

गौरी मला म्हणाली, "आज्जी, अकराला शिट्टी होईल असा कुकर लाव. घड्याळाशी प्रसन्न हुज्जत घालतो. कुकरशी नाही घालता येत."

मी तांदूळ धुतले. टेबलाला गौरी आणि मंजुनाथ, फोनवर प्रसन्न. नवं सुरू झालं, पण रिपोर्ट दिसेनात. रक्ताचे दिसत, एक्सरे गायब.

"होतंय, होतंय," फोनवरून प्रसन्न. "पाच मिनिटं दे."

गौरीने माझ्याकडे पाहिलं. मी कुकरकडे.

"गौरी, मागे आलीस तर फसलं असं म्हणतील. तुझं लीडचं बघ! पाचच मिनिटं..."

शिट्टी झाली.

गौरीने मागे फिरवलं. मंजुनाथ म्हणाला, "सरी, बरोबर केलंस. अज्जी, सार काय केलंय?"

भात निवायच्या आत जुनं सुरू झालं. दुपारी ओपीडी भरली, तिथे कुणाला काही कळलंसुद्धा नाही. सोमवारी पद्मा मॅडमचा निरोप आला : पुढच्या रविवारी पुन्हा करा, पण गौरीच करेल. प्रसन्नने त्याच दिवशी तिला लीड केलं.

ह्या खेपेचा प्लॅन प्रसन्नने हौसेने स्वतः लिहिला. पानंच्या पानं. शेवटची ओळ : "अकरा वाजता आजी कुकर लावून शिट्टी करतील. त्यानंतर चर्चा नाही."

पद्मा मॅडमनी सगळा वाचला. टेबलावर फोन स्पीकरवर होता. आम्ही सगळे टेबलाभोवती.

"चांगला आहे," त्या म्हणाल्या. "आणि गॅस संपला तर?"