दारावरचा कागद

दिनूला दारूने नेलं, असं सगळे म्हणतात.
दारूच्या जोडीला मीही होते.

बोलतेय मी, टाइप करतेय मेघा, दिनूची मुलगी. मला अक्षर येत नाही. हे प्रोफाइलसुद्धा माझ्या लेकानेच, दिनूनेच उघडून दिलं होतं. "फोटो बघत बस आई, नावं ठेवायला नवीन माणसं मिळतील," म्हणाला होता.

आज त्याला जाऊन वर्ष झालं.

बंगळूरला, पीण्याच्या कारखान्यात लेथवर होता तो. लोखंड त्याचं ऐकायचं. तो कुणाचं ऐकायचा नाही.

डॉक्टरांनी एक चिठ्ठी दिली होती. दारू सोडू बघणारी माणसं दर रविवारी जमतात, तिथला पत्ता. ती शर्टाच्या खिशातच राहायची. धुण्याआधी मी काढून ठेवायची, तो परत खिशात टाकायचा.

एका रविवारी मीच त्याला खाली ओढून नेलं आणि चिठ्ठी रिक्षावाल्यापुढे धरली.
"अण्णा, हे कुठं आलं?"
त्याने वाचलं. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बसवनगुडी. अज्जी, तुम्हाला जायचंय?"
"हो. या वयात सुटली तर सुटली."

मागे दिनू हसला. कित्येक दिवसांनी. आणि हसता हसताच रिक्षात बसला.

शाळेच्या मागची खोली. पाटी नाही, काही नाही. प्लास्टिकच्या खुर्च्या आणि चहाचा थर्मास. मूर्तीअण्णा म्हणून एक उंच गृहस्थ दारात आले, "बन्नी, बन्नी, या" म्हणत त्याला आत घेऊन गेले. मी बाहेर पायरीवर.

बाहेर आल्यावर विचारलं, "काय बोललास?"
"नाव सांगितलं."
"मग?"
"मग रडलो. स्वल्प."
स्वल्प म्हणजे किती, ते मला रुमाल धुताना कळलं.

सात महिने एक रविवार चुकला नाही. तो आत, मी पायरीवर.

मग आयुधपूजा आली. लेथला हार घातला, पेढे वाटले, आणि संध्याकाळी दोस्तांबरोबर प्याला. दुसऱ्या दिवशी परत.
मीटिंग बंद. मूर्तीअण्णांचे फोन यायचे, हा उचलायचा नाही.

"त्यांना काय तोंड दाखवू?"
"तोंड नको दाखवू. पाठ दाखव. पण चल."

एका रविवारी स्वतःच दाढी केली. इस्त्रीचा शर्ट घातला. "आई, चल."

मेट्रोने गेलो. शाळेच्या कोपऱ्यावर शहाळ्याची गाडी असते, तिथं त्याचे पाय थांबले.
"तू पुढे होऊन बघ. मूर्तीअण्णा असले तर मला हाक मार."

मी गेले. खोलीला कुलूप. दारावर एक कागद चिकटवलेला.

इथं मेघा थांबली आहे.
"आज्जी, कागद? कागदाचं तू कधीच बोलली नाहीस."
आज बोलतेय. तू लिही.

कागद मी जन्मभर बघत आले. बँकेत, बसस्टॉपवर, दवाखान्यात. भिंतीचे पोपडे बघावेत तसे. ते माझ्यासाठी नसतात.
पहिल्या वेळी रस्ता माहीत नव्हता म्हणून विचारलं. आता ती माझी पायरी होती. माझ्याच पायरीवर मी कुणाला काय विचारू?

परत येऊन म्हटलं, "बंद आहे रे."
"बंदच?"
"बंदच."
"सरी, ठीक आहे," म्हणाला. मला शहाळं घेऊन दिलं. माझं पिऊन होईपर्यंत रस्त्याकडे बघत उभा राहिला.

परत कधी "आई, चल" म्हणाला नाही.
पुढे लिव्हर. पुढे आयसीयू.

तेराव्याला मूर्तीअण्णा आले. मी म्हटलं, एकदा आलो होतो आम्ही, पण तुमचं बंद होतं.
ते गोंधळले. "आमचं बंद नसतं, अम्मा. एकदा खोलीला रंग देत होते, तेव्हा गच्चीवर बसलो होतो. दारावर कागद लावला होता ना, वर या म्हणून."

गच्चीवर. माझ्या डोक्यावर.
जिन्यात चपलाही असतील. चपला वाचायला शाळा लागत नाही. मी तिकडे बघितलंच नाही.

वर्षभर हे कुणाला सांगितलं नाही. मेघालाही आत्ताच कळतंय, तुमच्याबरोबर.

ती म्हणाली, "आज्जी, बाबांना वाचता येत होतं. कोपऱ्यावरून दार किती लांब होतं?"
म्हणजे ही माझी बाजू घेतेय. बापाची घ्यायला हवी होती.
मग माझ्या मांडीत डोकं घालून रडली. मधे कुठे टाइपिंग चुकलं असेल तर सांभाळून घ्या.

तुम्हाला सगळ्यांना वाचता येतं. बंद दारापुढे कुणी म्हातारी उभी दिसली तर कागद जरा मोठ्याने वाचा. ती विचारणार नाही.

दिनू, बंद नव्हतं रे.
वर होते सगळे. तुझी खुर्ची मांडलेली होती.

चुकलं माझं.
नीट जा, बाळा.

आई