टेकव, बाबू

तळहात पालथा करायचा, छातीएवढ्या उंचीवर धरायचा आणि हळूहळू खाली न्यायचा, तापल्या पातेल्यावर झाकण ठेवावं तसा. सोबत दोनच शब्द: “टेकव, बाबू.” नळावर बायकांची जुंपली की हा हात खाली यायचा. हमाल आणि ट्रकवाले एकमेकांच्या अंगावर धावले की यायचा. माझं बायकोशी बिनसलं की आमच्या दारात उभं राहूनही यायचा. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, जो दुसऱ्यांची भांडणं स्वतःच्या हाताने विझवतो आणि त्यामुळे सगळ्यांना आवडतो.

तुमसरला राईस मिलच्या मागे आम्हा कामगारांच्या खोल्यांची रांग होती. आम्ही तिला लाइन म्हणायचो. अर्ध्या घरांत सकाळी बुद्धवंदना, अर्ध्या घरांत आरती, आणि धानाची धूळ सगळ्यांच्या घरात सारखी. मी वजनकाट्यावर होतो म्हणून बाबू. ज्यांचा तो हात, ते बॉयलरवर होते, आणि लाइनीतल्या लहानथोरांचे मामाजी होते. त्यांच्या बायकोला आम्ही मामीजी म्हणायचो. मामाजींचं खरं नाव पगाराच्या दिवशी ऐकू यायचं तेवढंच, आणि तेव्हाही हा कोण बुवा, असं वाटायचं.

नागपूरला त्यांच्या साळ्याच्या घरी नवा व्हिडिओ गेम आला, तेव्हा जुना कपाटावर पडून राहिला. तो मामाजींनी पिशवीत घालून आणला. सोबतच्या सीड्यांपैकी क्रिकेटची, गाड्यांची आणि मारामारीची त्या घरातल्या पोरांनी ठेवून घेतली. जी कोणालाच नको होती ती बेसबॉलची आमच्या वाट्याला आली.

“बॅट आहे, बॉल आहे. अजून काय पाह्यजे?” मामाजी म्हणाले आणि त्यांनी टीव्ही ओसरीवर आणून ठेवला.

बेसबॉल म्हणजे काय, हे लाइनीत कोणालाही माहीत नव्हतं. टीव्हीतला इंग्रज बोलायचा खूप, पण त्यातलं आम्हाला काही कळायचं नाही. सुरुवातीचे कितीतरी रविवार आम्ही चेंडू मागे, जाळीपलीकडे, प्रेक्षकांत मारायचो आणि सिक्स म्हणून नाचायचो. एकदा तर मामीजींनी शेवेचा पुडा वाटला. धावफलक मात्र हलायचा नाही.

“हा अंपायर मॅनेजरनं धाडला दिसते,” मामाजी म्हणायचे आणि टीव्हीला अपील करायचे.

चेंडू मागे मारला तर काही मिळत नाही, तो समोरच मारावा लागतो, हे आम्हाला पुष्कळ उशिरा कळलं. तेव्हा मामाजींना आधीच्या साऱ्या सिक्सांचं फार वाईट वाटलं होतं. आपल्याला मिळालेलं कोणीतरी काढून घेतलं, असं ते आठवडाभर सांगत फिरत होते.

त्या गेममध्ये आपली टीम करता यायची. इंग्रजी अक्षरं मला येत होती, म्हणून नावं मी टाकली आणि जागा मामाजींनी ठरवल्या. पहिला खेळाडू बपेऱ्याचा मुकादम, कारण तो हमालांच्या मागे धावून धावून वाऱ्यासारखा झाला होता. दुसरा मी. तिसरे स्वतः मामाजी. तोंडाला जाळी बांधून मागे बसणाऱ्या खेळाडूला त्यांनी मामीजींचं नाव दिलं.

“घरात बी माह्या मागचं सगळं हेच झेलते,” ते म्हणाले, आणि मामीजी पदर तोंडाला लावून हसल्या.

माझ्या बायकोला त्यांनी मैदानाच्या पार टोकाला उभं केलं. टीव्हीवर ती सहा फुटांची, दाढीवाली दिसायची. दाढीचं तिला काही वाटलं नाही. “मले एवढ्या दूर काहून उभं केलं?” एवढीच तिची तक्रार होती.

रिमोट एकच चालायचा, म्हणून लाइनीत एक रीत पडली. ज्याचं नाव टीव्हीवर येईल त्याच्या हातात रिमोट. कोणी पोळी लाटत असेल तरी हाक जायची आणि तो माणूस पिठाच्या हाताने येऊन आपली पाळी खेळून जायचा. दुसऱ्याची पाळी कोणी खेळायची नाही. माझ्या बायकोचं भंडाऱ्याला ऑपरेशन झालं तेव्हा मी दवाखान्यात होतो. त्या रविवारी माझं नाव आलं आणि मामाजींनी मॅच तिथेच थांबवून ठेवली. दुसऱ्या दिवशी ते स्वतः डबा घेऊन दवाखान्यात आले आणि खाटेच्या पायथ्याशी बसून म्हणाले, “तू उभाच आहे बाबू तिथं बॅट घेऊन. घाई नाही.” असा हा माणूस होता. आज एवढा राग आहे, तरी ते वाक्य आठवलं की डोळ्यांत पाणी येतं.

आता टेकवण्याबद्दल सांगतो. एकदा माझ्या हातून चुकून भलतंच बटण दाबलं गेलं. बॅट आडवी झाली आणि चेंडू बॅटला लागून माझ्या पायापुढे मेल्यासारखा पडला. मी आउट झालो. लाइन हळहळली. पण त्या खेळात मैदानाच्या चार कोपऱ्यांवर थांबत थांबत एक फेरी पुरी करायची असते, आणि तेवढ्यात पहिल्या ठिकाणी उभा असलेला मुकादम पळत दुसऱ्या ठिकाणी पोहोचला होता. मागून मामाजींनी बॅट फिरवली आणि मुकादम फेरी पूर्ण करून घरी आला. आमचा धावफलक हलला.

त्या दिवसापासून माझी बॅटिंग संपली म्हणा ना. मुकादम पोहोचला आणि माझ्या हातात रिमोट आला की मामाजींचा पालथा हात खाली यायचा. “टेकव, बाबू, टेकव.” मी टेकवायचो आणि आउट व्हायचो. मग मामाजी उभे राहून मारायचे आणि टाळ्या त्यांना पडायच्या.

“मले एकदा मारू द्या ना मामाजी,” मी म्हणायचो.

“बाबू, मारनारे लय भेटतात. मरनारा भेटत नाही. तू आउट झाला त काय झालं? गडी सरकला ना पुढं?”

क्रिकेट पाहून वाढलेल्या माणसाला जाणूनबुजून आउट होणं किती जड जातं, ते तुम्हाला सांगायला नको. पण हळूहळू मला त्यात एक मोठेपणा वाटू लागला. बाजारात कोणी भेटला आणि “काय बाबू, आज टेकवलं का नाही?” म्हणून विचारलं, तर माझी छाती फुगायची. मी फुगलो, हे खरं आहे.

मग शेठने मिल विकायला काढली. जागेवर मोठं गोदाम होणार होतं आणि आमची लाइन पाडणार होते. सगळे मामाजींच्या ओसरीवर जमले आणि ठरलं की राहायला जागा मिळेल तर सगळ्यांना, नाहीतर कोणीच खोली सोडायची नाही. टीव्ही बंद होता. मामाजींनी हात पुढे केला, त्यावर मुकादमाने ठेवला, त्यावर मी, मग सगळ्यांनी. टीव्हीतले खेळाडू मॅचच्या आधी असंच करायचे, त्यावरूनच आम्ही ते उचललं होतं.

पुढच्या आठवड्यात मॅनेजरने मला एकट्याला बोलावलं. रस्त्याच्या बाजूला गोदामालगत एक पक्की खोली राहणार होती, आत नळ आणि संडास असलेली. ती माझ्या नावाने करून देतो म्हणाला. नव्या गोदामात काटाही माझ्याकडेच राहील. अट एवढीच की मी आधी खोली सोडायची, म्हणजे बाकीचेही हलतील.

बायकोला सांगितलं तर तिने चुलीवरचा तवाच खाली उतरवला. “घेऊन टाका,” ती म्हणाली.

“आणि बाकीचे?”

“बाकीच्यायले मी काय शिव्या देऊन राहिली का? पन पक्कं घर आहे ते. टीव्हीतला खेळ नाही होय.”

मी मामाजींकडे गेलो. ते वातीच्या स्टोव्हवर चहा ठेवत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. खोली नेमकी कोणती, दार कुठल्या बाजूला, संडास आत की बाहेर, हेही विचारलं. मला वाटलं, काळजीने विचारताहेत. मग त्यांचा हात पालथा झाला आणि खाली आला.

“टेकव, बाबू. तू नाही म्हन. तू नाही म्हटलं त बाकीचे पुढं सरकतील.”

मी मॅनेजरला जाऊन नाही म्हणालो. संध्याकाळी ओसरीवर मामाजींनी ही गोष्ट सगळ्यांना सांगितली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. मुकादमाने मला उचलून घेतलं. माझी बायको तेवढी आत बसून राहिली. मला त्या दिवशी वाटलं, आयुष्यात एक काम आपण नीट केलं.

नंतरच्या एका सकाळी मी काट्यावर जायला निघालो, तर लाइनीच्या टोकाला टेम्पो उभा होता. मामाजी गादीत गुंडाळलेला टीव्ही त्यावर चढवत होते. मला वाटलं, दुरुस्तीला नेत असतील. मग मागे मामीजी दिसल्या, डोक्यावर भांड्यांचं गाठोडं घेऊन.

“मामाजी, हे काय?”

ते दोरी आवळत होते. माझ्याकडे न पाहता म्हणाले, “मामीचे गुडघे पाहून राहिला ना तू? तिले बाहेरचा संडास होत नाही आता.”

“पन कुठं चालले?”

त्यांनी हनुवटी रस्त्याकडे केली. तीच खोली होती.

“मले नाही म्हनायले लावलं तुमीनं.”

“तू नाही म्हटलं म्हनून त त्याले दुसरा मानूस पाह्यजे होता ना, बाबू.”

हे ते चिडून बोलले नाहीत की लाजून बोलले नाहीत. नवख्या माणसाला गेमचा नियम समजावून द्यावा, त्या आवाजात बोलले. मला त्याचंच जास्त लागलं. दोरीला गाठ बसत नव्हती, तर सवयीने मी दोरीचं दुसरं टोक धरलं. टेम्पो निघून गेला तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आपण त्यांना सामान बांधायला मदत केली.

आतापर्यंत मी त्यांना अहोजाहो करत आलोय. रागात जीभ घसरायला बघते, पण वयाचा मान म्हणून पुढेही तसंच ठेवतो. फसवलं मात्र त्यांनीच. मॅनेजर परका होता, त्याच्याकडून मी काही अपेक्षाच केली नव्हती.

मामाजी गेल्यावर लाइन किती टिकणार? जे मिळेल ते घेऊन एकेक घर उठलं. मुकादम बपेऱ्याला परत गेला. कोणी अड्याळकडे, कोणी थेट नागपूरला. माझा काटा गेला. आम्ही तुमसर रोड स्टेशनकडे एका भाड्याच्या खोलीत आलो आणि मी दुसऱ्या मिलमध्ये बारदाना, म्हणजे रिकामी पोती, मोजायला लागलो. रस्त्याने जाताना मामाजी दारात बसलेले दिसायचे. एकदा त्यांनी मला पाहून हात वर केला. तो पालथा होऊन खाली येईल, या भीतीने मी मान फिरवली.

पुढचं धान निघायच्या आतच ते बालाघाटला मुलीकडे राहायला गेले. खोली मोबाइलवाल्याला दिली. ज्या खोलीपायी एवढी माणसं पांगली, तिच्यात त्यांनी वर्षही काढलं नाही. हे कळलं तेव्हा मला हसूही आलं आणि भिंतीवर डोकं आपटावंसंही वाटलं.

जायच्या दिवशी मामीजी रिक्षा थांबवून आमच्याकडे आल्या. त्या उंबऱ्यावर बसल्या आणि बाजाराची पिशवी पुढे ठेवली. आत गेम होता, वायर नीट गुंडाळलेली. “त्याहीनं देल्ला,” एवढंच बोलल्या. गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि गेल्या. त्यांचं मला वाईट वाटलं. मागचं सगळं झेलायचं काम त्यांच्याकडेच राहिलं.

पिशवी बरेच दिवस खाटेखाली पडून होती. परवा रविवारी बायकोनेच ती ओढून काढली. “लावून त पाहा,” म्हणाली.

गेम लागला. तोच इंग्रज बोलू लागला. आमची टीम होती तशी उघडली. मुकादम होता. मी होतो. जाळीमागे मामीजी होत्या. बायको टोकाला, दाढीसकट उभी होती. फक्त तिसऱ्या जागी मामाजी नव्हते. त्यांनी स्वतःला टीममधून काढून टाकलं होतं, आणि त्यांच्या जागी गेमने आपल्याकडचा कुठला तरी खेळाडू बसवला होता. ही त्यांची माफी होती की जाता जाता सगळं सामान उचलावं तसं स्वतःलाही उचललं, मला अजून ठरवता येत नाही.

मॅच सुरू केली. मुकादमाची पाळी कोणी खेळायची, यावर आम्ही जरा थांबलो. शेवटी बायकोने रिमोट घेतला, डोळे मिटून बटण दाबलं, आणि मुकादम पहिल्या ठिकाणी पोहोचला. मग माझं नाव आलं.

“आता मारा,” बायको म्हणाली. “आता कोन अडवते तुमाले?”

मी रिमोट घट्ट धरला. चेंडू आला. मारायचं हे पक्कं ठरलेलं होतं, आणि अंगठा आपल्या आपण जुन्याच बटणावर गेला. बॅट आडवी झाली. चेंडू पायापुढे पडला, मी आउट झालो आणि मुकादम पळत दुसऱ्या ठिकाणी गेला.

तिसरा खेळाडू बॅट घेऊन आला. उंच होता, गुळगुळीत चेहऱ्याचा, कधी न पाहिलेला. तो बॅट खांद्यावर टेकवून उभा राहिला आणि रिमोट कोणी घ्यायचा ते आम्हाला कळेना.

“हा कोन होय?” बायकोने विचारलं.

“ज्याच्यासाठी मी आउट झालो तो,” मी म्हणालो.